चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी डाउन, काय करू?

गाडीवेडा: मंडळी, बॅटरी जेमतेम वर्षाची आहे, रोज चालवली तर एका सेल्फमध्ये स्टार्ट होते, पण चार-पाच दिवस उभी राहिली की नुसता टकटक आवाज. मेकॅनिक म्हणतो बॅटरीच बदला. खरंच बदलू का?

पान्हा_दहा: थांब, घाई नको. आधी मल्टिमीटर लाव. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू असताना १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) बघ.

गाडीवेडा: सकाळी १२.१, इंजिन चालू केल्यावर १४.२.

जुनं_डिझेल: म्हणजे चार्जिंग ठीक आहे, करंट कुठेतरी गळतोय. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि टर्मिनल यांच्या मधे मीटर सिरीजमध्ये लाव, १० अँपिअरच्या रेंजवर, आणि लॉक करून अर्धा तास तरी थांब कारण गाडीतले सगळे मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक युनिट) झोपायला वेळ लागतो. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर नॉर्मल. ३०० दिसले तर दिवसाला ७ अँपिअर-अवर गेले, ४५ ची बॅटरी किती टिकणार! मग एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की चोर सापडला. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नकोस हां, मी मारलाय, मीटरचा फ्यूज उडाला :)

पान्हा_दहा: बाहेरून बसवलेला डॅशकॅम वगैरे आहे का?

गाडीवेडा: आहे की... पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी बंद असली तरी चालूच 🤦