मदत हवी आहे: डिकीत स्टेपनीच नाही! कुठली घेऊ आणि ठेवू कुठे?

नमस्कार मंडळी. आधी काय घडलं ते सांगते, प्रश्न शेवटी आहेत. घाईत असाल तर सरळ खाली जा, राग मानणार नाही.

गेल्या आठवड्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास बाबांना घेऊन घरी परतत होते. पाऊस होता, समोरच्या गाडीचे दिवे थेट डोळ्यांत, आणि रस्त्यात पाण्याने काठोकाठ भरलेला खड्डा. खड्डा आहे हे कळलं तेव्हा पुढचं चाक त्यात गेलेलं होतं. धाडकन आवाज झाला, थोड्याच वेळात डॅशबोर्डवर टायरचं पिवळं चिन्ह लागलं. गाडी कडेला घेतली तर टायर पार रिमवर बसलेला.

बाबा उतरले आणि बाह्या सरसावल्या. वय ७४, पण चाक बदलणं हा अजूनही त्यांचाच प्रांत आहे. म्हणाले, "डिकी उघड, स्टेपनी काढू." सगळं सामान पावसात रस्त्यावर उतरवलं, कार्पेट उचललं. खाली थर्मोकोलचा साचा. त्यात चपलांच्या खोक्याएवढा कॉम्प्रेसर आणि पांढऱ्या द्रवाची एक बाटली. बाबा म्हणाले, "अगं नीट बघ, याच्या खाली असेल." थर्मोकोल उचलून पाहिला. खाली पत्रा. मग ते गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटाखाली डोकावून आले, काही गाड्यांना तिथे टांगलेली असते म्हणून. तिथेही नाही. "चोरीला गेली," असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि ही गाडी स्टेपनीशिवायच विकलेली आहे हे त्यांना पटवण्यात माझा अर्धा तास गेला.

तोवर मी बाटलीवरच्या सूचना मोबाईलच्या उजेडात वाचून कॉम्प्रेसर जोडला होता. द्रव टायरमध्ये गेला आणि दुसऱ्या बाजूने फेसासारखा माझ्या कपड्यांवर आला. चीर रस्त्याला टेकणाऱ्या भागात नव्हतीच. बाजूच्या भिंतीत होती, अंगठा जाईल एवढी. सूचनांच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं की बाजूच्या भिंतीला इजा झाली असेल तर हे वापरू नये. हे वाक्य सगळ्यात वर का नसतं?

उचलून नेणारी गाडी यायला चार तास लागले. आणि मग या मापाचा टायर कुणाकडेच शिल्लक नाही म्हणून गाडी तीन दिवस जागेवर. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पुस्तिकेत लिहिलंय." लिहिलंय खरं. गाडी दाखवताना त्याने सनरूफ तीन वेळा उघडून दाखवलं होतं, डिकीतलं कार्पेट एकदाही उचललं नव्हतं. मीही उचललं नाही, तेवढी चूक माझी.

आता प्रश्न. टायरचं माप २२५/४० आर १८, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. पूर्ण मापाची स्टेपनी घेऊ की ती बारकी, तात्पुरती? दुसऱ्या कुठल्या गाडीचं चाक चालेल का, आणि चालेल की नाही हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं? चाक, जॅक, पाना हे सगळं डिकीत बांधून कसं ठेवायचं? आणि त्या बाटलीचा काही उपयोग असतो का, की टाकून देऊ?

प्रतिसाद:

उलट बाजूही ऐका. मी नऊ वर्षं स्टेपनी वाहून नेली, एकदाही लागली नाही. शेवटी एकदा लागली तेव्हा काढून पाहिली, तर तिच्यातलीच हवा गेलेली. नऊ वर्षांत एकदाही तपासली नव्हती.

प्रतिसाद:

ताई, बाटली टाकू नका. तिचा उपयोग आहे, फक्त जाहिरातीत वाटतो तेवढा नाही. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा किंवा स्क्रू घुसला असेल आणि भोक साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असेल, तर ती काम करते. खिळा उपटायचा नाही, तो असू द्यायचा. द्रव भरला की लगेच थोडं अंतर चालवायचं, म्हणजे तो आत सगळीकडे पसरतो. मग थांबून हवा पुन्हा बघायची. त्यानंतर ताशी ८० किलोमीटरच्या आत थेट पंक्चरवाल्याकडे. आत द्रव आहे हे त्याला आधीच सांगा, नाहीतर टायर उघडल्यावर तो तुमचा उद्धार करेल. हवेचा दाब मोजणारा सेन्सर चाकात असेल तर तोही पुसून घ्यायला सांगा. आणि बाटलीला मुदत असते, ती तिच्यावरच छापलेली असते. माझी दीड वर्षापूर्वीच संपलेली निघाली.

खड्ड्याने फाटलेली भिंत, वाकलेली रिम, फुटलेला टायर, यांतलं काहीही त्या बाटलीच्या आवाक्यात नाही. खड्ड्यांमुळे नेमकं हेच होतं, हा त्यातला विनोद.

प्रतिसाद:

तुमच्या मापातच अर्धं दुखणं आहे. २२५/४० म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. अशा बऱ्याच गाड्यांच्या खालच्या मॉडेलला २०५/५५ आर १६ असतो. तिथे भिंत ११३ मिलिमीटर भरते. गंमत म्हणजे दोन्ही चाकांचा एकूण व्यास जवळपास सारखाच, ६३७ आणि ६३२. म्हणजे वरचं मॉडेल घेतलं की चाक मोठं होत नाही, फक्त रबर कमी होऊन धातू वाढतो. खड्ड्याच्या कडेवर तेवढंच रबर चिमटीत सापडतं आणि फाटतं. ज्या गाडीला टायर फाटण्याचा धोका जास्त, तिच्यातूनच स्टेपनी काढायची. हे डोकं कुणाचं?

काढण्याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. चाक, जॅक, पाना मिळून १५ ते २० किलो. ते कमी केले की इंधनाच्या चाचणीत आकडा किंचित सुधारतो, डिकी मोठी दाखवता येते, खर्च वाचतो. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांत ती जागा बॅटरीने खाल्लेली असते, तिथे निदान सबब तरी खरी आहे. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं होतं की २००६ च्या मॉडेलांपैकी ५ टक्के गाड्या स्टेपनीशिवाय येत होत्या, २०१५ च्या मॉडेलांत त्या ३६ टक्के झाल्या.

आता तुमच्या कामाचं. तात्पुरत्या स्टेपनीच्या मापाआधी टी हे अक्षर असतं. टी १२५/९० आर १६ चा व्यास ६३१ येतो, टी १२५/७० आर १८ चा ६३२. तुमच्या ६३७ च्या दोन्ही जवळ आहेत, त्यामुळे व्यासाची काळजी मिटली. हा फरक जास्त असता तर दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरून डिफरन्शियलला, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या जोडणीला, त्रास झाला असता. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत तर याबाबत अजिबात सूट घेऊ नये.

व्यास जुळला म्हणजे चाक बसेलच असं नाही. चार गोष्टी बघा. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी. ५ × ११२ आणि ५ × ११४.३ डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकाचं चाक दुसऱ्याला लावायचं नाही. दोन नट कसेबसे धरले तरी जबरदस्ती करू नका. दुसरं, मधल्या भोकाचा व्यास. हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या मधल्या भागापेक्षा, लहान असेल तर चाक बसणारच नाही. तिसरं, ऑफसेट, म्हणजे चाकाची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे ते अंतर. तो चुकला तर चाक आत घासतं नाहीतर बाहेर येतं. चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात: ब्रेक. वरच्या मॉडेलला पुढे मोठे ब्रेक असतील तर १६ इंची रिम कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकची तबकडी दाबणाऱ्या भागावर, अडकते. विकत घेण्याआधी चाक पुढे लावून हाताने पूर्ण फेरा फिरवून बघा.

नट-बोल्टही तपासा. अलॉय चाकाचे बोल्ट लोखंडी स्टेपनीला लांब पडू शकतात, आणि टेकणारी बाजू कुठे शंकूसारखी तर कुठे गोल असते. चुकीची जोडी वरवर घट्ट वाटते आणि चालताना सैल होते.

प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. तुमची गाडी पुढून चालते. पुढचा टायर गेला तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि तात्पुरतं मागे लावा. काम दुप्पट होतं, पावसात जीवावर येतं, पण ओढणारी, वळणारी आणि जास्त ब्रेक लावणारी चाकं पुढची आहेत, तिथे १२५ ची पट्टी नको. त्या टायरात हवा साधारण ६० पीएसआय लागते, नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट. नक्की आकडा टायरवर छापलेला असतो. वेग ८० च्या आत.

प्रतिसाद:

रनफ्लॅट टायर घेऊन मोकळ्या व्हा की. हवा गेली तरी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जातात.

प्रतिसाद:

रनफ्लॅटची भिंतही अंगठा जाईल एवढी फाटली तर त्या ८० किलोमीटरचा भरवसा धरू नका. शिवाय ते कडक असतात, बाबांच्या कमरेला विचारून घ्या.

प्रतिसाद:

विषय थोडा भरकटवतो. स्टेपनी हे मुळात एका रस्त्याचं नाव आहे. वेल्समधल्या लनेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाकाचा धंदा सुरू केला. तोवर मोटारींना जादा चाक नसायचं, पंक्चर झालं की रस्त्यात बसून काढायचं. त्यांचं चाक म्हणजे आऱ्या नसलेली रिम आणि तिच्यावर हवा भरलेला टायर. बसलेलं चाक न काढता ते बाहेरून क्लॅम्पने जोडायचं. ते चाक केव्हाच इतिहासजमा झालं, नाव आपल्याकडे राहिलं. ब्राझीलमध्येही जादा चाकाला एस्तेपे म्हणतात. आता १९०४ च्या आधीच्या काळात परत जायचं ठरलेलं दिसतंय, फक्त सोबत बाटली आहे.

धागाकर्ती:

सगळ्यांचे आभार. स्टेपनीची गोष्ट बाबांना वाचून दाखवली, ते दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आहेत.

काल डिकीचा थर्मोकोल पूर्ण बाहेर काढून मापं घेतली. खळगा गोल आहे. व्यास ६६ सेंटिमीटर, खोली १५. आणि बरोबर मधोमध पत्र्यात आट्यांचं एक भोक आहे, स्टेपनी आवळायचा लांब बोल्ट बसेल असं. मी बघतच राहिले. म्हणजे पत्रा ठोकला तो स्टेपनीसाठीच, जागा ठेवली, बोल्टची सोय केली, आणि मग त्यात थर्मोकोल भरून गाडी विकली. बॅटरी नाही, काही नाही. माझा इतक्या दिवसांचा राग जागा नाही म्हणून होता. आता जागा आहे म्हणून आहे.

पूर्ण मापाचं चाक त्यात गेलं तर सात-आठ सेंटिमीटर वर राहील आणि डिकीचा तळ उचलला जाईल. त्यामुळे बारकीच बघते आहे.

प्रतिसाद:

भोक आहे तर दोरी-पट्ट्यांच्या भानगडीत पडू नका, त्याच आट्यांचा बोल्ट मिळवून आवळा. १५ किलोचं मोकळं चाक जोरात ब्रेक लावल्यावर मागच्या सीटवर काय करेल याची कल्पना करा. जॅक आणि पानाही पिशवीत घालून बांधा. तुमच्या गाडीत मुळात जॅकच नसेल, कारण स्टेपनी नाही. घेताना गाडीच्या वजनाला झेपणारा घ्या आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. विजेच्या गाडीवाल्यांनी हे जास्तच पाळावं, चुकीच्या जागी जॅक म्हणजे बॅटरीला ठोसा.

जुनं चाक घेणार असाल तर टायरवरचा चार आकडी शिक्का बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कधीच न वापरलेला टायरही म्हातारा होतो.

आणि घरासमोर एकदा रंगीत तालीम करा. खऱ्या प्रसंगी पहिल्यांदा पाना हातात घेऊ नका.

धागाकर्ती:

शेवटचं अपडेट. टी १२५/७० आर १८ घेतली. पीसीडी, मधलं भोक, ऑफसेट, सगळं जुळलं. चाक पुढे लावून फिरवून पाहिलं, ब्रेकला लागत नाही. बोल्ट मात्र वेगळे घ्यावे लागले, ते वेगळ्या पिशवीत ठेवलेत.

आज रंगीत तालीम झाली. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकाला वीट. जॅक लावण्याआधीच नट अर्धा फेरा सैल करायचे हे बाबांनी इतक्या वेळा सांगितलं की शेजारच्या मुलालाही पाठ झालं. पाचपैकी चार नट सुटले. पाचवा चोरी टाळण्यासाठीचा, वेगळ्या खाचेचा. त्याची चावी कुठे? सगळी गाडी पालथी घातली. शेवटी सापडली गच्चीवर, फेकायला काढलेल्या थर्मोकोलच्या एका कप्प्यात. गाडी ओढायचा हूकही तिथेच होता. ज्यांनी कुणी या धाग्यावरून प्रेरणा घेऊन थर्मोकोल काढला असेल त्यांनी आधी कप्पे तपासा. मग नट सुटले तर चाक हबला गंजाने चिकटलेलं. ते बसून दोन्ही पायांनी लाथा मारल्यावर निघालं. सगळं मिळून ५० मिनिटं. तेही उजेडात आणि कोरड्यात.

आणि आता नवा प्रश्न. बारकी स्टेपनी गाडीला लागली की तिचा खळगा रिकामा होतो. त्यात काढलेलं चाक ठेवायला गेलो तर ते २२५ रुंद, खळगा १५ सेंटिमीटर खोल. बोल्ट पोचत नाही, तळ बंद होत नाही. डिकीत सामान असेल तर चिखलाने माखलेलं ते चाक ठेवायचं कुठे? बाबांचं उत्तर तयार आहे: जुन्या चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर, वर सीटबेल्ट. त्यांनी चादर आणून डिकीत ठेवलीसुद्धा. कुणाकडे याहून बरा उपाय असेल तर सांगा.