मदत हवी आहे: घरून काम करण्यासाठी कोणती खुर्ची घ्यावी?

आगरातला
नमस्कार. गेली चार वर्षे मी गुहागरजवळच्या आमच्या घरी राहून पुण्यातील एका कंपनीचे संगणकाचे काम करतो आहे. दोन महिन्यांपासून कंबर एका बाजूने दुखते, हाताला मुंग्या येतात आणि दिवसभर चिडचिड होते. खाऱ्या हवेत न गंजणारी, दहा-बारा हजारांपर्यंतची खुर्ची कृपया सुचवावी. सोमवारपूर्वी मागवायची आहे. व्यायाम करा, लवकर उठा असे सल्ले नकोत. ते मला ठाऊक आहेत.

खाडीकाठ
बूड लोखंडाचे नको, नायलॉनचे घ्यावे, आणि पाठ जाळीची असावी, कारण आमच्याकडे फोमच्या गादीला दुसऱ्याच पावसाळ्यात बुरशी धरली. मात्र आपण टेबलाविषयी काहीच लिहिलेले नाही. त्याची उंची कळल्याशिवाय खुर्ची सुचवणे म्हणजे पायाचे माप न घेता चप्पल घेण्यासारखे आहे.

निवृत्त मास्तर
सल्ले नकोत असे आपण म्हणता, तरी लिहितो. रोज बारा सूर्यनमस्कार घातल्यास खुर्चीची गरजच उरणार नाही. मी सत्तरी ओलांडली आहे आणि आजही खळ्यात मांडी घालून दोन तास वाचत बसतो.

पाखाडीवरची
मास्तर, ज्याची कंबर आधीच दुखते आहे त्याला न तपासता पुढे वाकायला सांगू नये. मी चिपळूणला फिजिओथेरपिस्ट आहे. आगरातले, मुंग्या कोणत्या हाताला आणि नेमक्या कोणत्या बोटांना येतात? अंगठा, तर्जनी आणि मधले बोट असेल तर मनगटातील नस दाबली जात असण्याचा संभव असतो. करंगळी आणि अनामिका असेल तर कोपराकडे पाहावे लागते. हातातून वस्तू निसटतात का? मधुमेह आहे का?

आगरातला
प्रश्न खुर्चीचा आहे, तरी सांगतो. डावा हात, करंगळी आणि शेजारचे बोट. मधुमेह नाही, वस्तू निसटत नाहीत. टेबल म्हणजे आईचे पायाने चालवायचे शिलाई मशीन आहे. त्यावर फळी टाकून लॅपटॉप ठेवतो. आता खुर्ची सांगावी.

पाखाडीवरची
हेच आपण पहिल्या ओळीत लिहायला हवे होते! मशीनखाली पायटा असल्यामुळे आपले पाय सरळ आत जात नाहीत, आपण एका कुशीला वळून बसता आणि म्हणून कंबर एकाच बाजूने दुखते. उजवा हात माऊसवर असताना डावे कोपर फळीच्या धारेवर टेकलेले असणार. कोपर आपटल्यावर जिथून करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तीच अल्नर नस तासन् तास दाबली जाते. झोपताना कोपर पूर्ण दुमडू नये, ते सैल राहावे म्हणून त्याभोवती टॉवेल गुंडाळावा. लॅपटॉप चार पुस्तकांवर चढवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि साधा वेगळा कीबोर्ड घ्यावा. मुंग्या दोन-तीन आठवड्यांत कमी झाल्या नाहीत, किंवा पकड सैल वाटू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे.

खाडीकाठ
याला जोडून सांगतो, की ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवर अर्धा तास चालावे. कोरड्या वाळूत पाय रुततात. मी हे सहा वर्षे करतो आहे.

निवृत्त मास्तर
ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. आज सकाळी सातला गेलात तर आठवड्याने दुपारी जावे लागेल. नोकरदार माणसाला ठरलेली वेळ हवी. त्यात ऑगस्टचा समुद्र! त्यापेक्षा पाखाडीच्या पायऱ्या दोनदा चढाव्यात आणि उतराव्यात.

खाडीकाठ
मास्तर, जांभ्याच्या त्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ असते. कंबर दुखणाऱ्याला तिथे पाठवणे मला पटत नाही.

वीजवेडा
घरून काम करणाऱ्याने इन्व्हर्टरला ट्युब्युलर बॅटरीच लावावी आणि तिच्यातील पाण्याची पातळी वेळोवेळी पाहावी.

माहेरवाशीण
विजेचे कोणी विचारलेले नाही. आगरातलेभाऊ, आपण चिडचिडीचा उल्लेख केलात आणि सगळे कंबरेत अडकले. काम किती वाजता सुरू होते आणि झोप किती मिळते?

आगरातला
कामाची वेळ अमेरिकेची आहे: सायंकाळी 6.30 ते पहाटे 3.30. चारला झोपतो. सहाला पंप सुरू होतो, मग आईचा मिक्सर. आठपर्यंत पडून राहतो, पण झोप अशी लागत नाही. त्यानंतर वाडीतले कोणीतरी येतेच. कोणाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, कोणाला बँकेत सोडायचे असते. मी रात्री काम करतो हे सांगूनही, दिवसा घरात दिसणारा माणूस रिकामाच, हे सर्वांनी ठरवून टाकले आहे. आईलाही तसेच वाटते, आणि तिच्यावर चिडलो की मग मलाच दिवसभर वाईट वाटत राहते.

पाखाडीवरची
म्हणजे चार तासही सलग झोप नाही. खुर्ची, टेबल, चालणे हे सारे यानंतरचे. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी.

माहेरवाशीण
माझे यजमान रात्रपाळी करत असत, तेव्हा आम्ही मागच्या दारची अंधारी खोली त्यांच्यासाठी ठेवली होती. खिडकीला जाड गोधडी, पंप आदल्या सायंकाळी चालवून टाकी भरून ठेवलेली, आणि मिक्सर अकरानंतर. चहा मध्यरात्रीनंतर बंद, कारण तो पहाटेपर्यंत अंगात राहतो. वाडीतल्यांसाठी एकच वेळ सांगावी, दुपारी चार ते पाच. ती आपण न सांगता आईंनी सांगावी, त्यांचे ऐकतील. आणि मन फारच खाली गेल्यासारखे वाटले, तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, तेथे मराठीतून बोलता येते.

निवृत्त मास्तर
पाच वाजता सूर्यनमस्कारही होतील.

आगरातला
पंधरा दिवसांनी लिहितो आहे. फळी काढून आईचे मशीन तिला परत दिले; तिच्या शिवायच्या राहिलेल्या ब्लाऊजांचा ढीग मी आजवर पाहिलाच नव्हता. वाडीतल्या सुताराकडून पायांना मोकळी जागा राहील असे टेबल करून घेतले. खुर्ची अजून घेतलेली नाही, जेवणाचीच वापरतो. करंगळीच्या मुंग्या पहाटे तेवढ्या उरल्या आहेत, कंबर बरी आहे. झोप सकाळी साडेअकरापर्यंत होते, पण चार ते पाचची वेळ पाळणारे दोघेच. बाकीचे आता जेवणाच्या वेळी येतात. दुसरी अडचण अशी, की नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे तासभर मागे जातील आणि माझे काम पहाटे साडेचारला संपेल. तेव्हा पंपाची आणि मिक्सरची वेळ पुन्हा बदलावी का, की जेवणच पुढे ढकलावे?

माहेरवाशीण
पंप सायंकाळीच राहू द्यावा. मिक्सरचे आईंना विचारावे.