कुत्रा-मांजर एकत्र असलेल्या घरात बाराही महिने पिसवा कशा रोखाव्यात? सल्ला हवा

आंबटगोड

ठाणे, तळमजल्यावरचा फ्लॅट. एक देशी कुत्रा (१४ किलो, आखूड केस) आणि दोन मांजरं (३ आणि ४ किलो). मांजरं खिडकीतून बाहेर जाऊन येतात, कुत्रा दिवसातून दोनदा फिरायला जातो. सध्या कुत्र्याला दर महिन्याला फिप्रोनिलचा फवारा आणि दर रविवारी शांपूने आंघोळ. मांजरांना काही नाही, कारण त्यांच्या अंगावर पिसू दिसतच नाही. फवारा मारल्यावर आठवड्याभरात कुत्रा पुन्हा शेपटीच्या बुडाशी चावत बसतो.

औषध बदलावं का? घरात काय फवारावं? हिवाळ्यात सगळं बंद ठेवलं तर चालेल का? डॉक्टरांकडे जाणारच आहे, पण जाण्याआधी निदान प्रश्न तरी धड विचारता यावेत.

खारीबिस्कीट

औषध बदलण्याआधी एक सांगा, बाटली केवढी आणि किती वेळा दाबता?

आंबटगोड

१०० मिलीची. पाठीवर आणि पोटाला मिळून दहा-बारा दाब.

खारीबिस्कीट

मग औषध लागलेलंच नाही. त्या फवाऱ्याची मात्रा किलोमागे ३ ते ६ मिली असते, आखूड केसांना खालची, झुपकेदार केसांना वरची. १४ किलोला कमीत कमी ४२ मिली. १०० मिलीच्या बाटलीतून एका दाबात अर्धा मिली निघतं, म्हणजे ८४ दाब. तुमचे बारा दाब म्हणजे ६ मिली. २५० मिलीच्या बाटलीतून एका दाबाला दीड मिली येतं, तिच्याने २८ दाबांत काम होतं. या वजनाच्या कुत्र्याला तीच घ्या, बोटंही दुखणार नाहीत.

मारताना एका हाताने केस उलटे फिरवत जायचं, दुसऱ्याने १०-१५ सेंटिमीटरवरून फवारा. कातडीपर्यंत ओल पोचली पाहिजे, वरवर केस चमकले म्हणजे झालं असं नाही. बगला, मांड्यांच्या आतली बाजू, शेपटीखाली, बोटांच्या मध्ये. तोंडावर थेट मारायचं नाही, हातमोज्यावर घेऊन गालाला, कानामागे चोळायचं. यात अल्कोहोल असतं, त्यामुळे गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत मारा. जवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. आपोआप वाळू द्या, हेअर ड्रायर लावू नका.

आणि ती रविवारची आंघोळ. फिप्रोनिल कातडीच्या तेलात मुरून राहतं. आदल्या दोन दिवसांत शांपू लावला तर मुरायला तेलच नसतं, नंतरच्या दोन दिवसांत लावला तर मुरण्याआधीच वाहून जातं. पुढेही दर आठवड्याला शांपू लागत राहिला तर महिनाभराचं औषध महिना टिकत नाही. पंधरा-वीस दिवसांतून एकदा पुरे, चिखल झाला तर नुसत्या पाण्याने पाय धुवा.

नखरेल_बोका

कुत्र्याचं निस्तरलं तरी मोठं भोक उघडंच आहे: मांजरं.

मांजराच्या अंगावर पिसू दिसत नाही, कारण ते दिवसभर चाटून गिळून टाकतं. दिसत नाही म्हणजे नाही, हा हिशेब मांजराला लागू पडत नाही. आपल्याकडे कुत्र्यांवर सापडणारी पिसूही बहुतेक वेळा मांजरपिसूच असते, त्यामुळे तिला दोन्ही घरं आपलीच.

तपासायची रीत सोपी. बारीक दातांची पिसवांची फणी घ्या (उवांची धातूची फणीही चालते), मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत कातडीला टेकवून ओढा. फणीत आलेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या टिशूवर झटका आणि मिनिटभर थांबा. माती असेल तर काळीच राहील. दाण्याभोवती गंजासारखा तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्याच मांजराचं पचलेलं रक्त. फणीत जिवंत पिसू आली तर चिमटीत चिरडत बसू नका, निसटते. भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब टाकलेल्या पाण्याच्या मगात फणी बुडवा. साध्या पाण्यावर ती तरंगते आणि उडी मारते, साबणाच्या पाण्यात बुडते.

मांजरांसाठी मांजरांचंच स्पॉट-ऑन (कातडीवर टाकायचं थेंबांचं औषध). फिप्रोनिल आणि मेथोप्रीन असलेलं घ्या, ०.५ मिलीची नळी, आठ आठवड्यांवरच्या पिल्लांपासून चालतं. मानेवर, डोक्याच्या अगदी मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे केस दुभंगून कातडीवर रिकामी करायची. केसांवर ओघळलं तर वाया गेलं. तिन्ही प्राण्यांना एकाच दिवशी.

हे मात्र मोठ्या अक्षरात वाचा: कुत्र्याचं स्पॉट-ऑन "थोडंसं" मांजराला लावायचं नाही. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराच्या यकृताला ते फोडून बाहेर टाकता येत नाही. काही तासांत लाळ, कान-पापण्या थरथरणं, मग झटके, आणि मांजर जातं. चुकून लागलंच तर कोमट पाण्याने (गरम नको) भांड्यांच्या लिक्विडने धुऊन लगेच दवाखाना गाठा, रात्र असली तरी. आणि कुत्र्याला परमेथ्रिनवालं औषध लावलं असेल तर तीन दिवस मांजराला त्याच्या कुशीत झोपू देऊ नका. तुमच्या घरात तर ते औषध आणूच नका.

निंबोळी

इतकी रसायनं कशाला? कडुनिंबाचं तेल, कापूर, लसूण घातलेलं पाणी, अंथरुणाखाली डांबरगोळ्या. पूर्वी हेच करायचे. आणि थंडीत पिसवा मरतातच, तेव्हा औषधाला सुट्टी द्यावी.

पांढरा_डगला (पशुवैद्यक)

निंबोळी, यातली एकही गोष्ट मांजराच्या घरात नको. कापूर आणि डांबरगोळ्या चाटण्यातून, वासातून शरीरात जातात आणि दोन्ही विषारी. लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, मांजरात जास्तच. टी-ट्री तेलही मांजराला विषारीच. फरशीला फिनाईल लावणाऱ्यांनीही जपावं. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. कडुनिंबाच्या वासाने काही पिसवा तासाभरासाठी दूर गेल्या तरी अंडी घालणं थांबत नाही, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे सगळ्या पिलावळीतला जेमतेम विसावा हिस्सा. बाकी सगळं घरात. मादी रक्त प्यायल्यावर दोनेक दिवसांत अंडी घालू लागते, दिवसाला ४०-५० पर्यंत. उवांच्या लिखांसारखी ही अंडी केसाला चिकटत नाहीत. गुळगुळीत असतात, घरंगळून खाली पडतात, आणि जिथे प्राणी झोपतो तिथेच सर्वांत जास्त पडतात. कुत्र्याची गोधडी उचला आणि शिवणीच्या घडीत बघा. जाड्या मिरपुडीसारखे काळे कण दिसतील आणि त्यात खसखशीपेक्षा लहान पांढरे दाणे. काळं ते अळ्यांचं जेवण, पांढरी ती अंडी. आई वरून दोन्ही एकदमच सांडते.

अळ्या उजेडाला घाबरतात. फरशीच्या सांध्यात, दिवाणाखाली, सोफ्याच्या फटीत खाली-खाली जातात. मग कोष विणतात. कोष चिकट असतो, त्याला धूळ चिकटून तो धुळीचाच गोळा दिसतो. आतली पिसू दहा दिवसांत तयार होते, पण घाई नसेल तर चार-पाच महिने तशीच थांबते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड कळला की फट्कन बाहेर. म्हणूनच गणपतीत आठ दिवस गावी जाऊन दार उघडलं की घोट्यांवर एकदम हल्ला होतो. पिसवा वाढलेल्या नसतात, तुमची वाट पाहत असतात.

या कोषावर कुठलंही औषध चालत नाही. फवारा नाही, पेस्ट कंट्रोल नाही. औषध बरोबर लावूनही दोन-तीन आठवड्यांनी पिसवा दिसतात आणि लोक म्हणतात औषध भेसळीचं निघालं. त्या जुन्या कोषांतून आलेल्या नव्या पिसवा असतात. त्या औषध लावलेल्या प्राण्यावर चढतात, अंडी घालण्याआधी मरतात, आणि साठा आटत जातो. घर रिकामं व्हायला तीन महिने धरा. दुसऱ्या महिन्यात कंटाळून एक मात्रा चुकवली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आता तुमच्या मुंबई-ठाण्याच्या थंडीबद्दल. घरात २० अंशांच्या खाली जातं का कधी? पिसवांचं चक्र थोडं संथ होतं, थांबत नाही. महाबळेश्वरातही प्राणी घरात झोपत असेल तर हेच. सुट्टी नाही.

आंबटगोड

कुत्र्याला फवाऱ्याऐवजी गोळी चालेल का? ८४ दाब ऐकून हात आत्ताच भरून आले.

पांढरा_डगला (पशुवैद्यक)

चालेल, आणि तुमच्याकडे तीच जास्त सोयीची, कारण आंघोळीने ती धुतली जात नाही. अफोक्सोलॅनर किंवा सॅरोलॅनर महिन्याला एक, फ्लुरालॅनर बारा आठवड्यांना एक. फ्लुरालॅनरची १० ते २० किलोची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. ती जेवणाबरोबरच द्या, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. मोठी गोळी आणून तोडून देऊ नका. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर आधी सांगा, मग वेगळं औषध निवडावं लागतं. गोळी दिलेल्या कुत्र्यावर पिसू दिसू शकते, कारण ती चावल्यावरच मरते. गोचिडांसाठीही हीच गोळी कामाला येते.

एक राहिलं. शेपटीखालच्या केसांना किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे, वाळल्यावर काकडीच्या बीसारखे तुकडे दिसले तर तो चपटा कृमी. बहुतेक वेळा पिसू गिळल्यानेच होतो. प्राझिक्वांटेल किलोमागे ५ मिलिग्रॅम. पण पिसवा तशाच ठेवून जंताची गोळी दिली तर महिन्यात परत.

खारीबिस्कीट

घराचं मी सांगतो. अंथरुणं आठवड्याला एकदा, ६० अंशांच्या पाण्यात. मशीन गरम करत नसेल तर उकळतं पाणी ओतून अर्धा तास भिजवा. नेताना झटकू नका, आतल्या बाजूला घडी घालून न्या, नाहीतर अंडी घरभर. जाड गोधडी काढून टाका आणि जुन्या चादरीची दोन-तीन पांघरुणं फिरवा, धुवायला सोपी.

व्हॅक्यूम आधी रोज, मग दिवसाआड: दिवाण सरकवून, सोफ्याच्या उशा काढून, भिंतीच्या कडेने. त्याची थरथर कोषांना जागं करते, हे चांगलंच आहे. धूळ प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून लगेच घराबाहेर. नुसत्या झाडूने अंडी उडतात आणि सांध्यात जाऊन बसतात. व्हॅक्यूम नसेल तर ओल्या फडक्याने पुसणं बरं.

पेस्ट कंट्रोलवाल्याला "पिसवांसाठी" असं स्पष्ट सांगा. झुरळांचं जेल लावून जाईल, त्याचा काडीचा उपयोग नाही. अळ्या वाढू न देणारं पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन फवाऱ्यात आहे का विचारा. फवारा फरशीच्या कडांना, फर्निचरखाली. पूर्ण वाळेपर्यंत प्राणी बाहेर, माशांची टाकी झाकून हवेचा पंप बंद.

उपाय लागू पडतोय का पाहायचं तर गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून पाच मिनिटं खोल्यांमधून फिरा. मोज्यांवर मोजता येतात.

वऱ्हाडी_झटका

अकोल्याकडून एक भर. एप्रिल-मेत आमच्याकडे अंगणात पिसू औषधालाही सापडत नाही. हवेतली आर्द्रता निम्म्याच्या खाली गेली की अळ्या वाळून मरतात, ३५ अंशांच्या वर सतत तापलं तरी मरतात. पण घरात काय? वाळ्याचा कूलर! त्याच्यासमोर गारव्याला कुत्रा पसरतो आणि नेमकी तिथेच दमट, अंधारी, ३० अंशांची जागा. म्हणून इकडच्यांनी कूलरखालचा कोपरा आणि स्टँडच्या पायांजवळची जागा आधी साफ करावी. एसीवाल्या खोलीत हा त्रास कमी, तो हवा कोरडी करतो.

आणि गोठ्यातलं गोचिडांचं औषध पाण्यात कालवून कुत्र्यावर ओतू नका. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन जनावरांच्या मापाने बनवलेलं असतं, आणि शेजारी मांजर असेल तर आणखीच वाईट.

माडाची_झावळी

सिंधुदुर्गातून. इथे अंगण बारा महिने ओलं. उन्हातली माती सोडून द्या, तिथे अळी टिकत नाही. माडाच्या बुडातला पाचोळा, ओट्याखालची रेती, लाकडांच्या ढिगामागची गार जागा, जिथे कुत्रा दुपारी खड्डा करून बसतो, ती साफ करून ऊन येईल अशी ठेवायची. ठाण्याला तळमजल्यावर हीच जागा म्हणजे जिन्याखाली, सोसायटीतली मांजरं झोपतात तिथे. तिथली पोती हलवा.

आंबटगोड

सगळ्यांचे आभार. मग असं ठरवतो: शनिवारी कुत्र्याला गोळी जेवणासोबत, त्याच दिवशी दोन्ही मांजरांना स्पॉट-ऑन. अंथरुणं शनिवारीच धुणार, पेस्ट कंट्रोल सोमवारी. तीन महिने तारखा भिंतीवर. शुक्रवारी तिघांनाही स्वच्छ आंघोळ घालून तयार ठेवतो.

नखरेल_बोका

शुक्रवारी कुत्र्याला घाला, मांजरांना नाही. घालायचीच तर बुधवारी.

खारीबिस्कीट

आणि पेस्ट कंट्रोल सोमवारी, तर सोमवारी सकाळी आधी व्हॅक्यूम. फवाऱ्यानंतर दहा-पंधरा दिवस कडांना ओलं फडकं मारू नका, औषध पुसलं जातं. घरकामाला ताई येत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर मंगळवारी सकाळी सगळं चकाचक.