हाताने घडवलेली सुरी करून घ्यायचीय, सल्ला हवा

माजघर: बारा वर्षं मनात होतं, यंदा करायचंच. लोहाराकडून माझ्या हाताच्या मापाने घडवलेली सुरी. पातं सात इंच, भाजी आणि मासळी दोन्हीला चालेल अशी. मूठ शिसवी. बजेट ३,००० रुपये, त्यावर शक्य नाही. आजीच्या मोडक्या विळीचं पातं जपून ठेवलंय, त्यातूनच करावी असं फार वाटतं. गणपतीला राजापूरला जाणार, तिथे करून घेईन. पोलाद कुठलं, जाडी किती सांगू?

खडा_मसाला: बजेट वाढवा. मी जपानमधल्या साकाईची घेतली, १८ हजार पडले. टोमॅटोवर नुसती ठेवली की उतरते. एकदाच घ्यायची तर चांगली घ्यावी.

नदीकाठ: ऑनलाइन अजिबात मागवू नका. माझी 'दमास्कस' (थर जोडून घडवलेलं, लाटांच्या नक्षीचं पोलाद) म्हणून आली. पात्यावरची लाटांची नक्षी नुसती आम्लाने काढलेली, तिसऱ्या घासणीत गेली. महिन्याभरात मूठही हलायला लागली. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

देवगडकर: सुरी हवीय कशाला? विळीवर दोन्ही हात मोकळे राहतात. आमची आई पाच किलोची सुरमई विळीवरच कापते.

खडा_मसाला: ओट्याशी उभं राहणाऱ्याने विळी ठेवायची कुठे? गुडघे दुखणाऱ्यांचा विचार करा जरा.

देवगडकर: ओट्यावर ठेवायच्या विळ्या मिळतात. जाऊ दे.

घाटमाथा: माजघर, विळीचं पातं नको. जुन्या विळ्या-कोयत्यांना बऱ्याचदा धारेपुरतं पोलाद आणि बाकी साधं लोखंड असतं. ट्रकचा कमानपाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) घ्या, भंगारात मिळतो. तो जाड असतो आणि लोहार कोयत्याच्या सवयीने पाच मिमी तसाच ठेवतात, मग कांदा चिरत नाही, फाटतो. पाठीला अडीच मिमी आणि टोकाकडे आणखी पातळ, असं सांगा. पाणी (तापवलेलं पातं बुडवून कडक करणं) तेलात द्यायला लावा, थेट पाण्यात तडा जायची भीती. तेलातून काढल्यावर धारेवर कानस फिरवून बघा: घसरली पाहिजे. चावली तर पाणी लागलेलं नाही. नंतर घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवा, नाहीतर धार काचेसारखी तुटेल.

लोखंडी_तवा: कमानपाटाच घ्या, विळीचं नको. गंज चढतो, धुतली की लगेच पुसून खोबरेल लावायचं. माझी आठ वर्षं टिकलीय.

वकिलीण: लांबी जपा. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं.

घाटमाथा: ताई, त्यात घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळलेली आहेत. नाहीतर कोकणातला प्रत्येक कोयता जप्त झाला असता.

वकिलीण: वगळलेली आहेत, मान्य. तरी विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका.

नदीकाठ: मूठ नीट बसवून घ्या, पुन्हा सांगतो.

माजघर: सुरी झाली. सगळ्यांचं वाचलं आणि तरीही विळीचंच पातं नेलं. लोहारदादांनी ग्राइंडरला लावून दाखवलं: धारेकडे ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटत होत्या, पाठीकडे नुसत्या लांब रेघा. म्हणजे घाटमाथा, तुमचं बरोबर होतं, पोलाद धारेपुरतंच. दादाही म्हणाले, नवा पाटा घ्या. मी नाही म्हटलं. सात इंच निघालं नाही, पाच निघालं, टोकाला विळीचा बाक राहिलाय. पाणी तेलातच दिलं, कानस घसरली. मूठ शिसवी नाही, विळीच्याच पाटाचा फणस कापून केली, पितळी शेंबी (मुठीच्या तोंडाची कडी) घालून. जिथे आजीचा पाय असायचा तिथलं लाकूड गुळगुळीत झालंय, ती बाजू तळहाताकडे घेतली. सगळे मिळून १,४०० गेले. काल पहिला कांदा चिरला, पात्यावर निळसर-करडी छटा आली. पुसून खोबरेल लावलं.

खडा_मसाला: साकाईच्या बऱ्याच सुऱ्याही अशाच असतात, धारेला कडक पोलाद आणि पाठीला मऊ लोखंड. पाच इंच भाजीला पुरे. अभिनंदन.

देवगडकर: म्हणजे शेवटी विळीच. फोटो टाका.

घाटमाथा: पाठीची जाडी मोजलीत?

माजघर: तीन मिमी.

घाटमाथा: अर्धा मिमी जास्त आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा घासून घ्या.