खांद्याचं हाड तासून घ्यायचं की इलॅस्टिक बँड ताणत बसायचं?

कोपऱ्यावरचा:
उजवा हात बाजूने वर न्यायला लागलं की सुरुवातीला काही नाही, मध्येच जीवघेणी कळ, आणि हात कानाशी पोचला की परत शांत. पँटचा पट्टा मागच्या लूपमध्ये ओवताना डोळ्यांत पाणी येतं. त्या कुशीवर झोपायची सोय नाही. दोन महिने अंगावर काढलं. मग एमआरआय पाहून सांगण्यात आलं, इम्पिंजमेंट आहे. वरचं हाड टोचतंय, खालची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) घासली जातेय, दुर्बिणीतून हाड थोडं तासू.

ऐकायला पटतं. दार घासत असेल तर सुतार रंधा मारतो, तसंच. 1972 मध्ये अमेरिकेतले सर्जन चार्ल्स नीर यांनी हेच चित्र मांडलं आणि पुढे जगभर हाडं तासली गेली. पण ब्रिटनमध्ये 313 रुग्णांचे तीन गट करून पाहिलं. एका गटाचं हाड तासलं, दुसऱ्यात दुर्बीण आत घालून नुसतं बघितलं आणि बाहेर काढली, तिसऱ्याला काहीच नाही. सहा महिन्यांनी पहिल्या दोन गटांत फरक नाही! माझं मत: हे ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. हाणा आता.

डावखुरा:
हाणतो. त्याच अभ्यासात काहीच न केलेल्यांपेक्षा ऑपरेशनवाले थोडे बरे होते, ते सोयीस्करपणे गाळलंत. मी पाच महिने व्यायाम केले, इंजेक्शन घेतलं, रात्र रात्र बसून काढली. ऑपरेशननंतर तीन महिन्यांत हात वर. आकडे तुमच्याजवळ ठेवा, खांदा माझा आहे.

कोपऱ्यावरचा:
गाळलं, कबूल. पण तो फरक इतका लहान की रुग्णाला जाणवेलच असं नाही. शिवाय नुसतं डोकावून पाहिलेल्यांनाही तितकाच फायदा झाला. मग तासलेल्या हाडाला श्रेय कसलं? ऑपरेशननंतर तुम्ही सक्तीने आराम केला असेल, मग नीट फिजिओही केली असेल.

तिरकस:
म्हणजे डावखुऱ्यांचं दुखणं मनाचे खेळ? वा!

कोपऱ्यावरचा:
दुखणं खरं, बरं होणंही खरं. कशामुळे, एवढाच वाद.

फिजिओताई:
रोज खांदेच बघते, म्हणून दोघांनाही टोचते. डावखुरा, "पाच महिने व्यायाम" म्हणजे नेमकं काय? माझ्याकडे लोक झेरॉक्सचा कागद घेऊन येतात: वाकून हात लंबकासारखा हलवा, भिंतीवर बोटं चढवा. यात कंडरेवर भार कुठे आहे? स्वीडनमधल्या 2012 च्या अभ्यासात ऑपरेशनच्या रांगेतलेच लोक होते, आधीच्या उपचारांनी गुण न आलेले. इंजेक्शन दोन्ही गटांना दिलं. एकाला खांद्याच्या कंडरा आणि फऱ्याच्या स्नायूंचे भाराचे व्यायाम, दुसऱ्याला मानेखांद्याच्या साध्या हालचाली. बारा आठवड्यांनंतर भारवाल्यांपैकी 20 टक्क्यांनी ऑपरेशन निवडलं, दुसऱ्यांपैकी 63 टक्क्यांनी.

करून बघायचं तर: कोपर काटकोनात, बगलेत टॉवेलची गुंडाळी दाबून धरा, बँड बाहेरच्या बाजूला ओढा. खरं काम परतीचं आहे; हात तीनचार सेकंद घेत हळू आत येऊ द्या. पंधराचे तीन फेरे. टॉवेल पडला म्हणजे तुम्ही लबाडी केलीत. दहापैकी तीनचारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते जास्त नको. सोपं वाटलं की बँड जाड करा; लोक इथेच थांबतात.

आता आमच्या धंद्याच्या अंगाशी येणारी गोष्ट. 2021 मध्ये 708 जणांवरचा ब्रिटिश अभ्यास आला. सहापर्यंत सेशन घेणारे आणि एकदाच नीट समजावून घरी पाठवलेले, वर्षभरात दोघांत फरक नाही. इंजेक्शनचा थोडा उपयोग दिसला, तोही सुरुवातीलाच. तेव्हा वीस सेशनचं पॅकेज विकणाऱ्यापासूनही लांब राहा.

चाळिशीपार:
माझा या "व्यायाम करा" जपालाच आक्षेप आहे. मी जिन्यावरून पडलो, खांद्यावर. जो तो म्हणाला, बँड ओढ. चार महिने ओढला. निघाली अख्खी फाटलेली कंडरा, आणि तोवर शिवणं अवघड होऊन बसलं होतं. ऑपरेशन वाईट म्हणता, माझ्या बाबतीत उशीर वाईट ठरला.

फिजिओताई:
हा मुद्दा खराच जड आहे. पडल्यावर अचानक हात उचलेनासा झाला, दुसऱ्याने उचलून दिला तरी टिकत नसेल, तर व्यायामाआधी तपासणी, तीही लगेच. दुसऱ्याने फिरवूनही हात बाहेर वळत नसेल तर बहुधा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, त्याचा मार्ग वेगळा. वरची चर्चा या दोघांसाठी नाही. पण उलटही लक्षात ठेवा: न दुखणाऱ्या खांद्यांच्या एमआरआयमध्येही झीज आणि बारीक फाटलेलं दिसतं. फोटोवरून ऑपरेशन ठरवू नका.

डावखुरा:
लंबक आणि भिंत. तेच केलं होतं मी. बँड कुणी दिलाच नाही. तरी ऑपरेशन चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण झोप परत मिळाली. कोपऱ्यावरचे, तुम्ही सुरू केलंत का, की नुसतं वाचताय?

कोपऱ्यावरचा:
आज नववा दिवस. टॉवेल दोनदा पडला. पँटला पट्टा अजून आधीच ओवून ठेवतो, मग पँट चढवतो.