मदत हवी आहे: कॉर्नेलला अर्ली डिसिजन टाकावं का?

मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो, लेक बारावीला आहे आणि तिला इंजिनिअरिंग कॉर्नेललाच करायचंय. अर्ली डिसिजनची, म्हणजे लवकर अर्ज करायचा आणि मिळालं तर तिथेच जायचं या बोलीच्या अर्जाची, डेडलाइन १ नोव्हेंबर. सॅट १५२०, कॅल्क्युलस बीसीच्या एपी परीक्षेला ५ पैकी ५, शाळेच्या रोबोटिक्स टीमचं वायरिंग तीच बघते. रोज जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसते, कोणाला किती स्कोअरवर मिळालं, कोणाला नाही, सगळं एक्सेलमध्ये भरत राहते आणि मग रात्री झोप लागत नाही पोरीला. जीव तुटतो हो बघून.

मला वाटतं अर्लीत प्रवेश मिळण्याचा टक्का जास्त दिसतो खरा, पण त्यात रिक्रूट केलेले खेळाडू पण येतात ना, मग आपल्या मुलांना खरंच कितीसा फायदा? आणि हे बाइंडिंग, मिळालं की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांची एड (आर्थिक मदत) ताडून बघताच येत नाही. कॉलेजच्या साइटवर एड वजा जाता खर्च किती पडेल याचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, त्याचा आकडा प्रत्यक्षात कितपत जुळतो? इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीला, रटगर्सला, अर्ली अ‍ॅक्शनमधून टाकतोय, ते बाइंडिंग नाही त्यामुळे ती काळजी नाही.

ज्यांची मुलं नुकतीच यातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा, खास करून एड कमी पडली म्हणून कोणी कॉलेजला नाही म्हटलं असेल तर पुढे काय झालं ते.