अनुभव धागा : नैराश्याची पहिली खूण कशात दिसली?

रडणं, कोपऱ्यात बसणं कुणाच्याही लक्षात येतं. पण नैराश्य पुष्कळदा अंगदुखी, चिडचिड, उडालेली झोप होऊन येतं आणि घरचे ‘वय झालं’, ‘कामाचा ताण’ म्हणून सोडून देतात. उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे बहुतेक रोज टिकलं आणि जोडीला झोप, भूक, लक्ष बिघडलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. तुमच्या घरात आधी काय दिसलं, ते लिहा. औषधांची नावं नकोत, ती ज्याची त्याला वेगळी.

*

आईची तक्रार पाठ आणि पोटाची. सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. रविवारचं शब्दकोडं ती पेनाने सोडवायची, खाडाखोड न करता. रद्दी बांधताना पाहिलं, दिवाळीपासूनची सगळी कोडी कोरी. डॉक्टरांनी विचारलं, “काकू, पहाटे जाग किती वाजता येते?” म्हणाली, तीनला, आणि मग छातीत धडधडत राहतं. इतक्या दिवसांत आम्ही कुणी तिला हे विचारलं नव्हतं. थायरॉईड कमी असलं तरी असंच दिसतं, म्हणून आधी टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी केली. ती ठीक निघाली, मग मानसोपचार सुरू झाले. गुण यायला काही आठवडे लागले.

*

आमच्या ह्यांचा नुसता राग दिसायचा. मुलांवर ओरडणं, गाडी वेड्यासारखी हाकणं, रोजची दारू. डॉक्टरचं नाव काढलं की ‘मी काय वेडा आहे का?’ कुणी आपल्या माणसाला नेलं असेल तर सांगा.

*

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस बऱ्याच जणींना रडू येतं आणि ओसरतं. माझं वाढत गेलं. बाळ झोपलं तरी मी टक्क जागी. सगळ्यांचं एकच, ‘इतकं गोड बाळ, तुला कसलं दुःख?’ डॉक्टरबाईंनी बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिंबरा प्रश्नावली दिली, 10 प्रश्नांची. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे माझा हात थांबला. त्यांनी कागद बाजूला ठेवून थेट विचारलं. विचारल्याने असे विचार डोक्यात भरतात असं लोक समजतात. मला तर पहिल्यांदा श्वास घेता आला.

*

पुण्यात एमपीएससीची तयारी करत होतो. मेसचा डबा न उघडताच परत जायचा, अभ्यासिकेत एकच पान तासभर समोर. रूममेटने ओळखलं आणि रात्री 14416 लावला. टेलिमानस, मनाच्या आरोग्यासाठीची हेल्पलाइन, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं. कुणी मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, सकाळची वाटही पाहू नका.

*

नवऱ्याच्या रागाबद्दल लिहिणाऱ्या वरच्या ताईंना : माझ्या भावापुढे मी मनाचा विषयच काढला नाही. ‘दादा, तुझी झोप होत नाही, तेवढं दाखवू,’ म्हटलं, आणि आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. पुढची चिठ्ठी त्यांनीच दिली. त्यांचं त्याने ऐकलं. दारूचं मात्र डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.